मालिकेतली बाई बदलली का? आधी बघ तिला बोलू किती देतात

एका मास कॉमच्या विद्यार्थिनीने विचारलंय, पुण्यातलीच आहे, प्रोजेक्ट चाललाय तिचा, की दूरदर्शनवरच्या रजनीपासून 'आई कुठे काय करते'मधल्या अरुंधतीपर्यंत टीव्हीवरची बाई खरंच बदलली का नुसत्या साड्या बदलल्या, आणि मालिका पुरुष लिहितात म्हणून त्यातल्या बायका अशा असतात का. मी बरीच वर्षं डेली सोप लिहितेय, कधी पटकथा, कधी संवाद. राहते कर्वेनगरला, चॅनेल मुंबईत, पूर्वी नरेशनला, म्हणजे चॅनेलला गोष्ट ऐकवायला, पहाटेची गाडी पकडून जायचे, आता बरंचसं झूमवर होतं. तर दोन्ही प्रश्नांवर जे दिसतं ते सांगते, जरा लांबेल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते सोपं आहे: नाही. पहिल्याचं उत्तर असं की बाई काय काय करते हे खूप बदललं, पण तिला काय बोलू देतात हे फार कमी बदललं. लोक हिरॉईनची नोकरी बघतात, डिग्री बघतात, स्कूटी चालवते का बघतात, आणि लगेच पुरोगामी की मागास ठरवून मोकळे होतात. मी एकच बघते. तिला एखादी महत्त्वाची गोष्ट कळली की ती गोष्ट ज्याला सांगायला पाहिजे त्याला सांगेपर्यंत किती एपिसोड जातात. बाकी सगळं कॉस्च्यूमवाल्यांचं काम.

आता हे असं का होतं त्यासाठी थोडा हिशोब समजून घे. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की हातात वीस-बावीस मिनिटांची गोष्ट राहते. आठवड्याला सहा एपिसोड. म्हणजे आम्ही दर आठवड्याला एका अख्ख्या सिनेमाएवढं लिहितो आणि युनिट ते शूट करतं, आणि पुढच्या सोमवारी परत पाटी कोरी. १९८५ साली दूरदर्शनवर प्रिया तेंडुलकरांची रजनी आली ती आठवड्यातून एकदा, रविवारी. बासू चॅटर्जींनी केलेली. एका भागात एक प्रॉब्लेम, गॅस सिलेंडर, टॅक्सीवाला, टेलिफोन, आणि भाग संपेपर्यंत रजनी भांडून तो सोडवणार. गॅसच्या भागावरून तर गॅस एजन्सीवाल्यांनी निषेध केला होता, एवढं ते लागलं त्यांना. पण नीट बघितलंस तर रजनीचं बोलणं हीच तिथे गोष्ट होती. ती गप्प बसली असती तर भागच नसता. डेली सोपमध्ये नेमकं उलटं. बाई बोलली की गोष्ट संपते, म्हणून तिला गप्प ठेवायचं.

कसं ठेवतात ते दाखवते. समज ट्रॅक, म्हणजे मालिकेतल्या गोष्टीचा एक धागा, असा की हिरॉईनची खोटी सही करून दिराने तिच्या नावावर कर्ज काढलंय आणि बँकेतून तिला फोन आलाय. कोथरूडमधली कुठलीही बाई काय करेल? नवऱ्याला ऑफिसमध्ये फोन करेल, तो नाही उचलला तर मेसेज टाकेल, संध्याकाळी बँकेत जाऊन मॅनेजरसमोर बसेल. दहा मिनिटांचं काम. आता आमच्याकडे सीन असा लिहिला जातो: हॉल, रात्र, नवरा सोफ्यावर. ती येते. "अहो, मला तुमच्याशी थोडं बोलायचंय." "बोल ना." ती तोंड उघडते. म्युझिक. एपिसोड संपला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या छातीत कळ. तिसऱ्या दिवशी डॉक्टर सांगतात यांना कसलाही धक्का देऊ नका. चौथ्या दिवशी नवऱ्याला प्रमोशन, घरात पेढे, सगळे खुशीत, अशा वेळी कसं सांगायचं. पाचव्या दिवशी दिराची बायको हिला गाठून रडते आणि पोटातल्या बाळाची शपथ घालते. सहाव्या दिवशी ती देवघरात उभी राहून मनातल्या मनात देवाला सगळं सांगते, अगदी तपशीलवार, कर्जाच्या रकमेसकट. झाला आठवडा.

ते मनातलं बोलणं लक्षात ठेव. आमच्या हिरॉईनला माणसांशी बोलायची बंदी असते पण मनात ती अखंड बोलत असते, आणि त्यालाही एक साधं कारण आहे. संध्याकाळी सात ते दहा या वेळात बाई मालिका बघत कमी आणि ऐकत जास्त असते. ओट्याशी उभी असते, कुकरच्या शिट्ट्या चालू असतात, पोळ्या चालू असतात, टीव्ही बाहेरच्या खोलीत. तिला कानाने गोष्ट कळली पाहिजे. म्हणून नुसत्या चेहऱ्यावर सीन सोडता येत नाही, मनातला आवाज टाकावा लागतो, तेच ते परत सांगावं लागतं. लोक हसतात त्याला, हसू देत, पण त्यामागे बिनडोकपणा नाही, त्यामागे स्वयंपाकघर आहे.

आणि प्रेक्षक बायका भोळ्या असतात हा पण एक पुणेरी गैरसमज. चॅनेलवाले अधूनमधून प्रेक्षकांशी गप्पा ठेवतात. मागे एकदा हडपसरला एका सोसायटीच्या हॉलमध्ये अशा गप्पांना मी कोपऱ्यात बसले होते, लेखिका आहे हे न सांगता. एक बाई फणकाऱ्याने म्हणाली, "ती नवऱ्याला सांगत का नाही हो? आम्ही तर त्याने चपला काढायच्या आधी सांगतो." सगळ्या हसल्या. शेजारची, वयाने मोठी, शांतपणे म्हणाली, "सांगितलं तर संपेल ना गं, मग आठ वाजता बघू काय?" चॅनेलच्या माणसाने दोन्ही वाक्यं वहीत लिहून घेतली. पुढे मालिका कुठल्या वाक्याप्रमाणे चालली हे सांगायची गरज नाही.

आता तू म्हणशील की दामिनी पण रोजचीच होती. बरोबर, आणि तीच खरी मजेशीर केस आहे. सह्याद्रीवर दुपारी लागायची, प्रतीक्षा लोणकर पत्रकाराच्या भूमिकेत, मराठीतल्या पहिल्या रोजच्या मालिकांपैकी. ती गप्प बसायची नाही, कारण तिची गोष्ट घराबाहेरून यायची. रोज नवी बातमी, नवा बदमाश, नवी फाईल. तिने तोंड उघडलं की ट्रॅक सुरू व्हायचा. म्हणजे रोजची मालिका असली की बाई मुकी होणारच असं काही नाही. गोष्टीचा पुरवठा कुठून होतो त्यावर आहे. दारातून आत येत असेल तर बाई बोलू शकते, दाराच्या आतच पिकवायची असेल तर मग घरातल्या घरात गैरसमज पेरावे लागतात, आणि गैरसमज टिकवायला कोणीतरी गप्प बसायला लागतं, आणि ती कोण हे ठरलेलं.

हिंदीत हे वळण अगदी तारखेनिशी दाखवता येतं. १९८९ ची उडान, कविता चौधरींनी स्वतःच्या बहिणीच्या, म्हणजे आयपीएस कांचन चौधरींच्या आयुष्यावरून केलेली. १९९८ ची सांस, नीना गुप्तांनी स्वतः दिग्दर्शित केलेली, नवरा दुसरीकडे गेलेली बाई आणि ती त्याच्याशी, त्या दुसरीशी, मुलांशी, सगळ्यांशी बोलते, तेही मोठ्यांनी बोलावं तसं. आणि मग ३ जुलै २००० ला क्योंकि सास भी कभी बहू थी. १८०० च्या वर भाग झाले २००८ पर्यंत. दोनच वर्षांचं अंतर, त्यात काय देशातल्या बायका मागे गेल्या होत्या का? स्लॉट बदलला, आठवड्याची रोज झाली आणि कॅमेरा घरात कोंडला गेला. (२०२५ मध्ये त्यातली सून तुळशी परत आली, तीच स्मृती इराणी. बघते मी, धंद्याचा भाग आहे.)

पण इथे एक गोष्ट प्रोजेक्टमध्ये नक्की घाल, नाहीतर तो सरधोपट होईल. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोघा अर्थतज्ज्ञांचा २००९ चा अभ्यास आहे, भारतातल्या खेड्यांत केबल आल्यावर काय झालं यावर. काळ २००१ ते २००३, म्हणजे नेमका तुळशीचा. त्यांना दिसलं की केबल आलेल्या गावांत बायकांना नवऱ्याने मारणं मान्य असण्याचं प्रमाण कमी झालं, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरातल्या निर्णयात त्यांचा वाटा वाढला. आता घ्या! आम्ही ज्या मालिकांना नावं ठेवतो त्याच बघून. मला यात फार आश्चर्य नाही वाटत. खेड्यातल्या बाईने तुळशीचं सोसणं बघितलं असेल पण त्याबरोबर हेही बघितलं की बायकांना स्वतःची खोली असते, त्या पैशाबद्दल बोलतात, पोरींना शिकवतात. आणि उलटंही घडतं. १९८४ च्या हम लोगमधली भगवंती, ती सोसणारी आई, सोसण्याचे तोटे दाखवायला लिहिलेली, तर बऱ्याच प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली. लिहिणाऱ्याच्या हेतूला प्रेक्षक विचारत नाही.

मराठीत या. आभाळमाया, १९९९, अल्फा मराठी, म्हणजे आताचं झी मराठी, नुकतंच सुरू झालेलं. सुकन्या कुलकर्णींची सुधा, नोकरी करणारी, नवऱ्याचं बाहेर प्रकरण. त्या मालिकेत लोक बसून बोलायचे, आज तो वेग चॅनेलला परवडणार नाही. मग वादळवाट, त्यातली अदिती सारंगधरची रमा. मग अवघाची संसार, अमृता सुभाषची आसावरी आणि तिला छळणारा नवरा, तिथपासून सोसणं परत मध्यभागी आलं. ईटीव्हीवर चार दिवस सासूचे तर २००१ ते २०१३, तीन हजारांहून जास्त भाग, त्यात रोहिणी हट्टंगडींसारखी नटी. आणि होणार सून मी ह्या घरची, २०१३, एका सुनेला सहा सासवा, जान्हवीचं बाळंतपण लांबलं तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने जोक केले, पण तेही तेच गणित, बाळ झालं की ट्रॅक संपतो.

उंच माझा झोका मला मात्र थांबून बघावीशी वाटते. २०१२, वीरेंद्र प्रधानांचं दिग्दर्शन, तेजश्री वालावलकर लहानपणीची रमा आणि नंतर स्पृहा जोशी. पुण्याचीच गोष्ट. १८७३ साली अकरा वर्षांच्या मुलीचं न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न होतं, ते तिला शिकवायला लागतात आणि घरातल्या बायका तिला छळतात, की पुरुषासारखी पाटी घेऊन काय बसतेस. हीच रमा पुढे १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं करते. आता बघ, यातही घरातल्या बायकांचा जाच आहे, मसाला तोच. पण भांडण कशावरून आहे? तिने अक्षर गिरवण्यावरून. दागिना कोणी चोरला यावरून नाही. त्यामुळे ती जितकं बोलेल, वाचेल, तितकी गोष्ट पुढे जाते. एकोणिसाव्या शतकातली नऊवारीतली मुलगी आमच्या आजच्या एमबीए हिरॉईनपेक्षा जास्त बोलते हे जरा विचित्र आहे, पण आहे. फुले दांपत्यावरच्या सावित्रीजोतीचं नशीब मात्र वेगळं, सोनी मराठीवर आली आणि २०२० मध्ये टीआरपी नाही म्हणून आटोपली. त्यावर फेसबुकवर हळहळणाऱ्या किती जणांच्या घरी ती लागत होती हा प्रश्न मी तेव्हाही विचारला होता, कोणाला आवडला नाही.

खरा बदल कुठे झाला विचारशील तर वयात. हिरॉईन म्हातारी झाली, चांगल्या अर्थाने. अग्गंबाई सासूबाई, २०१९, निवेदिता सराफांची आसावरी, विधवा, लाडावलेला मुलगा आणि करडा सासरा यांच्या मध्ये पिचलेली, आणि तिचं लग्न लावायला कोण उठतं तर सून. सासू-सून हा अख्खा प्रकार तिथे उलटा झाला, आणि मंडईत भाजी घेताना बायका त्यावर वाद घालत होत्या, तिच्याशी लग्न करणारा शेफ राजे चांगला आहे की नाही, मुलाला सांगावं की नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आई कुठे काय करते. मूळ बंगाली श्रीमोयी, लीना गंगोपाध्याय यांची, त्यावरूनच हिंदीत अनुपमा. मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती, नवऱ्याचं ऑफिसमधल्या बाईशी प्रकरण आहे हे तिला कळतं, आणि मग ती बोलते, घटस्फोट घेते, गाणं परत हातात घेते, पुढे दुसरं लग्न करते. रोज घराघरात, २०२४ पर्यंत. हे छोटं नाही. माझ्या ओळखीत एका बाईने मला विचारलं होतं की शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात पण एवढा वेळ लागतो का, आणि ती गंमत म्हणून विचारत नव्हती.

पण तिथेही बघ, नवरा दुसरी बायको करून त्याच बंगल्यात, आणि पहिलीचं येणंजाणं तिथेच. बाहेरच्याला वाटतं लेखकांनी संस्कार दाखवले. अगं, अशा वेळी कुठल्याही मालिकेत सेटचाही हिशोब असतो! हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम, देवघर, जिना, एवढं एकदा उभं केलं की वर्षानुवर्षं वापरायचं. हिरॉईन खरोखर घर सोडून गेली तर तिच्यासाठी दुसरं घर लावा, आणि तिथे तिच्याशी बोलायला माणसं आणा, त्यांचे पैसे वेगळे. म्हणून टीव्हीवरची बाई उंबरठ्यापर्यंत जाते, बॅग भरते, आणि मुलाचा ताप तिला परत आणतो.

राधिका सुभेदारचं पण तेच. माझ्या नवऱ्याची बायको, २०१६, नागपूरची साधी बाई मसाल्याचा धंदा काढते आणि पुढे तीनशे कोटींची मालकीण होते. लोक त्या आकड्यावर हसले. मला आकड्याचं काही नाही, मला एवढंच की तीनशे कोटी आल्यावरही मालिका नवरा गुरुनाथ आणि त्याची मैत्रीण शनाया यांच्याभोवतीच फिरत राहिली, आणि मालिकेच्या नावातही शेवटपर्यंत नवराच.

रंगरूपावर पटकन सांगते. रंग माझा वेगळामध्ये सावळ्या मुलीच्या दुःखाची गोष्ट आणि रेश्मा शिंदेला मेकअपने सावळी केलेली. सुंदरा मनामध्ये भरलीमध्ये अक्षया नाईक, खरंच जाड मुलगी, घेतली. यातलं धाडस कशाला म्हणायचं ते तूच ठरव.

आता पुरुष लिहितात म्हणून का. विनता नंदांनी तारा ही हिंदी मालिका लिहिली तेव्हापासून या धंद्यात बायका आहेत. आई कुठे चे संवाद मुग्धा गोडबोलेंचे. क्योंकि बनवणारी एकता कपूर कोण आहे? नरेशनच्या मीटिंगमध्ये कित्येकदा आम्ही सगळ्या बायकाच असतो आणि आम्हीच ठरवतो की हिने अजून दोन आठवडे सांगायचं नाही. दर गुरुवारी आकडे येतात, टीआरपी मोजणाऱ्या बार्कचे, आणि आकडा पडला की सगळ्यांना सोपा मार्ग आठवतो, हिरॉईनला रडवा. एकदा मात्र मी आडून बसले. ट्रॅक तसाच, तिला दिराचं लफडं कळलेलं. मी म्हटलं सांगू दे हिला लगेच, त्याच रात्री, सगळ्यांसमोर. चॅनेलची मुलगी, पंचविशीतली, म्हणाली, "ताई, ती बोलली तर पुढे काय?" मी म्हटलं, कोणी विश्वास ठेवणार नाही तिच्यावर. खोलीत शांत झाले सगळे, मग मान्य झालं. आठवडे निघाले त्यावर, भरपूर, कारण खरं बोलणाऱ्या बाईवर घर विश्वास ठेवत नाही तेव्हा जे होतं त्यात लपवाछपवीपेक्षा जास्त सीन असतात: नवरा मनातून डळमळतो, सासू उघड दुसऱ्या बाजूला जाते, माहेरचे म्हणतात जाऊ दे मिटव. हे लिहिता येतं. फक्त दोन दिवस जास्त विचार करायला लागतो आणि ते दोन दिवस आपल्याकडे बहुतेक वेळा नसतात. ओटीटीवर दिल्ली क्राइमच्या पहिल्या सीझनला सातच भाग, तिथे शेफाली शहाची पोलीस अधिकारी काम करताना दिसते, कारण गोष्टीला शेवट आहे.

खलनायिकेचं एक वेगळंच. ती स्पष्ट बोलते, तिला काय हवं ते माहीत असतं, बँकेत तीच जाते, वकिलाला तीच भेटते, फोन तिचाच चालू असतो. मालिकेतली सगळ्यात कर्तबगार बाई तीच, फक्त ते सगळं तिच्याकडून वाईट कामासाठी करून घेतात. नट्यांना विचार, बहुतेकींना तोच रोल हवा असतो.

आणि जिच्याबद्दल कोणी प्रोजेक्ट करत नाही ती म्हणजे मालिकेतली कामवाली. तिला आडनाव नसतं, घर नसतं, नवरा असला तर दारू पितो एवढंच. ती बातमी पोचवते, चहा आणते, विनोद करते. येरवडा, जनता वसाहत, हडपसर, इथल्या कामाला जाणाऱ्या बायका संध्याकाळी याच मालिका लावतात. त्यांना स्वतःचा एक क्लोजअप मिळत नाही.

प्रोजेक्टसाठी म्हणशील तर नोकऱ्या मोजत बसू नकोस, त्यातून काही निघणार नाही. चालू असलेली एक मालिका घे आणि एक महिना वहीत दोनच रकाने ठेव, हिला कळलं कधी आणि हिने सांगितलं कधी. आणि बघ की हिरॉईनला घराबाहेरची एक तरी मैत्रीण आहे का. बहुतेक नसतेच, कारण मैत्रीण असली तर ती पाच मिनिटांत म्हणेल की अगं जाऊन सांग ना त्याला, आणि आमची पंचाईत. घर कोणाच्या नावावर आहे तेही लिही, जिथे कळेल तिथे. साधे मधल्या वारांचे एपिसोड घे, मंगळवार-बुधवारचे. महाएपिसोड आणि प्रोमो वगळ, प्रोमोमध्ये सगळ्याच बायका बोलतात.